वळवानं छत उडालं? विम्याचा क्लेम असा करा

मे महिन्यात वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो. "पत्रं उडालं की ओ, विमा हाय, आता काय करू?" स्वतःच्या घराचे दोन आणि गल्लीत, भावकीत मिळून डझनभर क्लेम मी भरले आहेत. "आधी दुरुस्त करून घ्या, बिलं नंतर लावा" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पॉलिसी शोधा. गृहकर्जाबरोबर बँकेनं विमा गळ्यात मारला असेल तर तो घराचा आहे की तुमच्या आयुष्याचा, तेवढं बघा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच साच्याची पॉलिसी सगळीकडे मिळते. वादळ, पूर, वीज, घरावर कोसळलेलं झाड हे सगळं तिच्यात बसतं. छतावरची पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेलसुद्धा घरातच धरतात.

मग कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं, असं धरून बसू नका.

खरी मेख इथून पुढं. माझा पहिला क्लेम पेठेतल्या जुन्या घराचा, मंगलोरी कौलांचा. वाऱ्यानं रस्त्याकडची कौलं उधळली, पाणी थेट माळ्यावर. फोनवर मी बोलून गेलो, "छत गळतंय." पलीकडच्या माणसानं तेच टाइप केलं. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून कंपनीला रिपोर्ट देणारा माणूस, आला तो जुनी गळती बघायच्या तयारीनंच. त्यात मी शहाण्यानं फुटकी कौलं आदल्या दिवशी कोंडाळ्यात टाकलेली. दाखवायला हातात काही नाही. 'झीज' असा शेरा पडला आणि क्लेम नामंजूर. झीज किंवा हळूहळू मुरलेली ओल विम्यात बसत नाही. नियम चुकीचा नाही, माझं तोंड चुकलं.

म्हणून कारण आधी सांगा, परिणाम नंतर. "अमुक तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वादळी वाऱ्यानं कौलं उडाली, त्या जागेतून पाणी आत आलं." फोनवर, फॉर्ममध्ये, सर्व्हेअरसमोर तेच वाक्य. मात्र छत दोन वर्षं गळतच होतं आणि वळीव फक्त निमित्त झाला, असं असेल तर क्लेमच्या नादालाच लागू नका. सर्व्हेअरनं तुमच्यासारखी शंभर छतं बघितलेली असतात.

त्याला कळतं कसं, ते मला दुसऱ्या क्लेमला कळलं. या वेळी फुटकी कौलं पोत्यात भरून ठेवली होती. त्यानं एक तुकडा उचलला आणि तुटलेली कड उन्हात धरली. आतून लालभडक, कोरी. जुनं फुटलेलं कौल असतं तर कड काळी पडते, शेवाळ धरते. पत्र्याचंही तसंच: 'जे-हूक' (पत्रा आवळून धरणारा इंग्रजी J आकाराचा हूक) जिथं बसतो त्या भोकापाशी नुकताच फाटलेला पत्रा चकाकतो, जुना असेल तर गंजाची कड दिसते. त्यामुळं तुकडा न् तुकडा जपा, वाकलेले हूकसुद्धा. आधी सगळीकडून फोटो काढा, मगच ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणं तुमचं कामच आहे. ताडपत्रीची पावती ठेवा. पण सर्व्हे होईपर्यंत नवं कौल चढवायचं नाही म्हणजे नाही, सासरचे पाहुणे येणार असले तरी.

सर्व्हेच्या दिवशी शिडी आणि तुमचा गवंडी हजर पाहिजे. सर्व्हेअरची फी कंपनी देते, पण तो परवानाधारक असतो, कंपनीचा नोकर नव्हे. वाद घालू नका, दाखवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो जोडा जरूर, पण पंचनामा झाला म्हणजे सर्व्हे झाला, हा गैरसमज काढून टाका.

कागद: क्लेम फॉर्म, पॉलिसी, घरफाळ्याची पावती, फोटो, कॅन्सल चेक, गवंड्याचं अंदाजपत्रक. अंदाजपत्रकात पत्रे, वासे, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, एकरकमी आकडा नको. ढिगारा उचलण्याचा खर्चही मागा; गृह रक्षामध्ये तो क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

नकार आला किंवा रक्कम फारच कमी आली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. कोल्हापूरकरांसाठी तो पुण्यात. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जा. अर्जाला नकाराचं पत्र जोडायचं असतं, त्यामुळं कंपनीनं फोनवर "होत नाही" म्हटलं तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. तेच कागदावर मागून घ्या.