‘४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो’ हे वाचलंत? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गुहागरजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात मी डिमेन्शियावर, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाणाऱ्या आजारावर, बोललो. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या वहिनी दारात छत्री हातात धरून थांबल्या. सासूबाईंचं त्यांनी सहा वर्षं सगळं केलं. शेवटी शेवटी सासूबाई त्यांनाच विचारायच्या, “तू कोणाची गं?” वहिनी हळूच म्हणाल्या, “गुरुजी, म्हणजे मी आईंना रोज फिरायला नेलं असतं, तर हे झालं नसतं का हो?”

मी फळ्यावर ‘४५ टक्के’ एवढं लिहिलं होतं. ते कशाचे, हे नीट सांगितलं नव्हतं. हा लेख त्यासाठी आहे.

टक्के माणसाचे नव्हेत, समाजाचे

हा आकडा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा. लंडनच्या प्राध्यापक जिल लिव्हिंग्स्टन त्याच्या प्रमुख. २०१७ च्या अहवालात ९ जोखीम घटक आणि ३५ टक्के होते, २०२० मध्ये १२ घटक आणि ४० टक्के, २०२४ मध्ये १४ घटक आणि ४५ टक्के. शेवटच्या दोन घटकांत वाढलेलं एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेली अधू नजर आली. अर्थ असा की हे चौदाही घटक साऱ्या समाजातून नाहीसे झाले, आणि ते खरोखरच आजाराचं कारण असतील, तर जवळजवळ निम्मे रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल. एका घरातल्या एका आजीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. सगळं सांभाळूनही डिमेन्शिया होतो, आणि काहीच न सांभाळता नव्वदीत पंचांग तोंडपाठ सांगणारे आजोबाही असतात.

त्या यादीत कमी ऐकू येण्यासमोर ७ आणि मधुमेहासमोर २ टक्के दिसतात. लगेच ‘साखरेचं एवढं काही नाही’ असं समजू नका. तो घटक किती लोकांत आढळतो यावरही हे टक्के ठरतात. जिथे मधुमेह घरोघरी आहे तिथे वाटा वेगळा निघेल. आयोगाचा बराचसा आधार श्रीमंत देशांतला आहे. आपल्याकडचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला: साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया असल्याचा त्याचा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या बायकांसाठी. यादीत आहे ते धूम्रपान. मशेरीला त्यातले टक्के चिकटवू नका. मशेरी सोडायला तोंडाचा कॅन्सर हे कारण पुरेसं आहे.

आधी काय आणि नंतर काय

वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डिमेन्शियाचे बदल मेंदूत लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतात. माणूस आधी मंदावतो, घराबाहेर पडेनासा होतो, वजन उतरतं. मग कोणी साठीनंतर चालणं मोजलं, तर ‘न चालणाऱ्यांना डिमेन्शिया जास्त’ असंच दिसणार. पण चालणं थांबलं म्हणून आजार आला, की आजार आत शिरला म्हणून चालणं थांबलं? ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांना व्हाइटहॉल अभ्यासात २८ वर्षं पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: मध्यम वयातल्या हालचालीचा आणि पुढच्या डिमेन्शियाचा संबंध दिसला नाही, मात्र ज्यांना पुढे आजार झाला त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासून घटत गेली होती. वहिनींच्या सासूबाईंचंही आधी देवळात जाणं सुटलं होतं, नावं विसरणं मागाहून आलं. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच, आणि आयोगानं ते यादीत ठेवलं आहे. पण सुनेच्या माथी दोष मारायला हा पुरावा अजिबात पुरत नाही.

म्हणून कुठलाही अभ्यास वाचताना आधी दोन गोष्टी बघा: जोखीम कोणत्या वयात मोजली, आणि नंतर किती वर्षं पाहिलं. चार-पाच वर्षांचाच काळ असेल तर निष्कर्ष जपून घ्या.

‘खाणाऱ्यांना कमी होतो’ म्हणजे ‘खाल्ल्याने टळतो’ नव्हे

पाळी कायमची गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना डिमेन्शिया कमी होतो, असं निरीक्षणांतून दिसत होतं. त्या मुळातच जास्त शिकलेल्या, जास्त निरोगी असायच्या. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून ४,५३२ बायकांवर चाचणी झाली, सगळ्या पासष्टीपुढच्या. २००३ मध्ये उलटंच निघालं: इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हार्मोनं घेणाऱ्यांत डिमेन्शिया दुप्पट. या ‘दुप्पट’लाही घाबरण्याआधी मूळ आकडा विचारा. दर १०,००० बायकांमागे वर्षाला २२ च्या जागी ४५. म्हणजे २३ जास्त.

स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची गतही तशीच. पंचाहत्तरीपुढच्या ३,०६९ जणांवरच्या चाचणीत, २००८ साली, काही उपयोग दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये डिमेन्शिया टाळण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वाच्या किंवा ओमेगा-३ (माशांच्या तेलातली चरबी) च्या गोळ्या घेऊ नका असंच सांगितलं. बांगडा-तारली आवडीनं खा, पण महिन्याला हजारो रुपयांच्या कॅप्सूल कशाला?

मोजलं काय, तेही बघा

२०२३ मध्ये बातमी फिरली, ‘कानाच्या मशीननं ४८ टक्के फायदा’. चाचणी ९७७ जणांवर, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर फरक नव्हता. जास्त जोखमीच्या एका गटात विचारशक्तीची घसरण ४८ टक्के कमी होती, आणि घसरण म्हणजे डिमेन्शिया नव्हे. उलट बाजूही असते. वरचं ब्लडप्रेशर १२० च्या खाली आणण्याच्या २०१९ च्या चाचणीत डिमेन्शियातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, पण उपचार लवकर थांबवले होते, रुग्ण थोडे होते, आणि डिमेन्शियाच्या आधीची, विचारशक्ती थोडी मंदावण्याची सौम्य पायरी मात्र १९ टक्क्यांनी घटली. ‘सिद्ध झालं नाही’ याला ‘उपयोग नाही’ असं वाचू नका.

घरात कोणी आत्ताच विसरायला लागलं असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२, थायरॉइड, उदासी, चालू गोळ्या हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या, कारण यातलं काही सुधारतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींच्या पडवीत बसून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ती नऊ वर्षं रेघ मारून दाखवली. त्या बराच वेळ रेघेकडे बघत राहिल्या. मग आतून टीव्हीचा आवाज आला, अंगणापर्यंत येईल एवढा. मालकांनी तीस वर्षं होडीच्या इंजिनाशेजारी काढलीत. “यांचे कान कुठे तपासतात?” त्यांनी विचारलं. रत्नागिरीची सोमवारची तारीख मिळाली आहे.