बँजो वाजवताना उजव्या हाताच्या या चुका टाळा

पाच तारांच्या बँजोवर रोल (ठरावीक क्रमाने बोटं फिरवत तारा छेडणं) अडखळू लागला की शिकणारे तर्जनीला नाहीतर मधल्या बोटाला दोष देतात. आधी अंगठा बघा. तीन बोटांच्या शैलीत लय त्याच्यावरच उभी असते. अंगठा-तर्जनी-अंगठा-मधलं बोट या रोलमध्ये तर आठपैकी चार स्वर त्याचे असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंगठा पाचव्या तारेलाच बांधून ठेवणं. ही आखूड तार त्याला सगळ्यात जवळ, म्हणून तो तिथेच रेंगाळतो. मग चाल आतल्या तारांवर आली की तर्जनीला लागोपाठ दोनदा मारावं लागतं, आणि वेग वाढला की हात नेमका तिथेच अडतो. १९४५ च्या अखेरीस अमेरिकन ब्लूग्रास संगीतकार बिल मनरोच्या बँडमध्ये आलेल्या अर्ल स्क्रग्ज यांच्यामुळे ही शैली सर्वदूर पोचली. त्यांचं वादन लक्ष देऊन ऐका: अंगठा आतल्या तारांवर उतरून चाल उचलतो. चौथी, तिसरी आणि गरज पडेल तेव्हा दुसरी तारही अंगठ्याला सहज वाजवता आली पाहिजे. त्यासाठी डावा हात मोकळा ठेवून एकट्या अंगठ्याने पाच-चार-तीन-दोन आणि परत पाच, असे फेरे मेट्रोनोमवर सावकाश घ्या. हालचाल अंगठ्याच्या मुळातून हवी. टोकाचा सांधा वाकवून तार ओढली तर आवाज बारीक येतो आणि परतायला उशीर होतो.

पाचवी तार ठणठणत असेल तर तिथला जोर मुद्दाम कमी करा. ती बहुतेक वेळ साथीचा एकच सूर धरते, तिने चाल झाकू नये.

फॉरवर्ड रोलमध्ये, म्हणजे अंगठा-तर्जनी-मधलं बोट अशा क्रमात, आठ स्वर तीन-तीन-दोन असे पडतात. शेवटच्या दोनांत घाई होते. वेग उतरवा, आठही स्वरांतलं अंतर सारखं येईपर्यंत पुढे जाऊ नका.

अनामिका आणि करंगळी घोडीजवळ हेडवर (बँजोच्या ताणलेल्या पडद्यावर) टेकवा, पण दाबू नका, नाहीतर मनगट आखडतं. मधल्या बोटाबरोबर अनामिका उचलली जात असेल तर नुसती करंगळीही चालेल. घोडीला मात्र बोट लागू देऊ नका, आवाज दबतो.

खरखर येते? बोटांत घालायच्या नख्यांचं (पिक्सचं) पातं बोटाच्या गादीकडे आहे ना, आणि ते तारेला सपाट भिडतं का, हे पाहा. अंगठ्याची नखी फिरत असेल तर लहान माप घ्या.

क्लॉहॅमर या दुसऱ्या वादनशैलीत वेगळीच अडचण येते. बोट नखाने खाली मारत असतानाच अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला हवा. मागाहून तार शोधायला गेलात तर तो स्वर दरवेळी उशिरा पडेल.