खाडीत कयाकवरून चोणक कसा धरावा: कोल्हापूरकरांसाठी

पंचगंगेच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला वाट बघायची सवय असते. चोणक या खाडीतल्या माशाच्या बाबतीत नुसती वाट बघून भागत नाही. तो बसतो तिथं आपल्याला जावं लागतं, आणि त्यासाठी कयाकसारखी, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीसारखी, सोय नाही. तिला इंजिनाचा आवाज नाही, ती वीतभर पाण्यात तरंगते आणि कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यातही शिरते.

कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, आपल्याकडं ते केल्पचं रान कुठं मिळेल? कुठंच नाही. केल्प हे वीस-तीस मीटर उंच वाढणारं समुद्री शेवाळ थंड पाण्यातलं. आपल्या कोकण किनाऱ्याचं पाणी त्याला मानवत नाही. पण तिथला बास त्या रानाच्या कडेला दबा धरतो, तसाच आपला चोणकही धरतो. रायगडकडं ज्याला जिताडा म्हणतात तो हाच, आणि तोही सी-बासच. आडोसा आणि वाहतं पाणी जिथं भेटतं त्या कडेला तो असतो. आपल्याकडं तो आडोसा म्हणजे कांदळवनाची मुळं, कालवं चिकटलेले खडक, जुन्या धक्क्याचे खांब. उघड्या पाण्यात दिवसभर गळ फेकत बसलात तर हात दुखतील, बाकी काही नाही.

आधी गावातच तयारी

पहिल्यांदा घ्यायची ती वर बसायची कयाक, दहा ते बारा फुटांची आणि रुंद. तळाला आरपार भोकं असल्यानं तिच्यात पाणी साठत नाही. खाडीत नेण्याआधी ती कोल्हापूरजवळच्या शांत पाण्यात मुद्दाम उलटवा. तलावांची मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते, म्हणून उतरण्याआधी विचारा. नुसतं वल्हवणार असाल तरी विचारा. कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिकडं सराव नको.

उलटल्यावर कयाक सुलटी करायची, मधोमध धरून पाय जोरात मारायचे, पोट वर घ्यायचं, मग कूस बदलून बूड टेकवायचं आणि शेवटी पाय आत. लाइफ जॅकेट अंगात ठेवूनच हे करायचं. डोळे झाकून जमेपर्यंत घाट उतरू नका. रंकाळ्यात पोहायला शिकलेले पट्टीचे पोहणारेही जॅकेट नको म्हणतात. त्यांना घरी ठेवा.

गळ फेकायचा सराव तपोवन मैदानावर होतो. गळ काढून नुसतं शिसं बांधा आणि पंधरा-वीस पावलांवर ठेवलेल्या घमेल्यात टाका, तेही खाली बसून. उभं राहून फेकण्याचा सराव कयाकवर कामाचा नाही.

तिथी बघून दिवस ठरवा

भरतीचा जुना हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आपल्याला हवेत ओहोटीचे शेवटचे दोन तास, तेही सकाळचे, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. म्हणजे तृतीया-चतुर्थी उत्तम: भरती रात्री सव्वादोन-तीनला, ओहोटी संपते साडेआठ-सव्वानऊला. कृष्ण पक्षातली चतुर्थी म्हणजे संकष्टी, तेव्हा घरी मासा घेऊन जाल तर काय ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही बघा. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

हंगाम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. कयाकला इंजिन नसलं तरी तेव्हाच्या समुद्रात तिचं काही काम नाही.

मालवणकडं जायला राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली. विजयदुर्गाकडं जायला गगनबावडा. गाडीच्या टपावर कयाक बांधताना मधले दोन पट्टे पुरत नाहीत, घाटाच्या वळणांवर ती सरकते. पुढचं आणि मागचं टोकही बंपरला बांधा.

कर्ली, कालावल, आचरा यांतली कुठलीही खाडी घ्या, पण मुखापासून आत राहा. ओहोटीचं पाणी मुखातून सरळ समुद्रात ओढतं आणि तिथं वल्ह्याचं काही चालत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही. उतरताना गावातल्या मच्छीमारांशी बोला. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरांपासून लांब राहिलात तर तेच तुम्हाला जागा सांगतील. मोबाइल जलरोधक पिशवीत घालून गळ्यात अडकवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

गळ, दोर, आमिष

सात फुटी मध्यम-जड रॉड, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, वीस-तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. त्यापुढं, गळाच्या बाजूला, दोन हात चाळीस पौंडी लीडर म्हणजे जाड दोराचा तुकडा हवाच. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण वस्तऱ्यासारखं असतं, बारीक दोर एका झटक्यात तुटतो. बोटंही कापतात, म्हणून मासा कल्ल्यात हात घालून उचलायचा नाही, चिमट्यानं ओठ धरायचा. आमिषाला जिवंत कोळंबी सगळ्यात खात्रीची. नकली हवं असेल तर चार-पाच इंची, उथळ बुडणारा मासा किंवा जिगवरचा, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावरचा, रबरी शेपटीवाला.

फेक कुठं टाकायची

ओहोटीत कांदळवनातलं पाणी लहान फाट्यांतून मुख्य खाडीत उतरतं. फाट्याच्या तोंडाशी गढूळ पाणी आणि खाडीचं हिरवट पाणी यांत स्पष्ट रेघ दिसते. कोळंबी आणि बोयीची पिल्लं त्या पाण्याबरोबर बाहेर येतात आणि चोणक रेघेच्या कडेला तोंड वासून उभा असतो. तिथं कोळंबी टणाटण उडताना दिसली, किंवा ‘धप्’ असा पोकळ आवाज आला, तर तो खातोय.

प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस मीटरवर थांबा. नांगर नेहमी टोकाला बांधा, कधीच बाजूला नाही; वाहत्या पाण्यात बाजूचा नांगर कयाक पालथी घालतो. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. कांदळाच्या फांदीला चिमटा लावून थांबता येतं, पण फांदी मोडू नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. आता फेक फाट्याच्या आत टाका आणि आमिष पाण्याच्या वेगानंच रेघेपर्यंत येऊ द्या. दोन-तीनदा ओढा, थांबा. थांबल्यावरच बहुतेकदा घास बसतो. दहा-बारा फेकींत काही नाही तर पुढचा फाटा.

लागला की नांगर सोडा. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या चौथ्या भागावर असू द्या आणि पहिला रेटा मुळांपासून बाहेर. मासा कयाक ओढतो, ओढू द्या, तेवढाच तो दमतो. रॉड पुढच्या टोकाकडं ठेवा. बाजूला झुकलात की गेलात. चोणक उडी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी रॉडचं टोक खाली घ्या आणि दोर ढिला पडू देऊ नका. जाळीत घ्यायचा तो डोक्याकडून.

चोणक आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा मिळाला तर ती अंडी घालणारी मादी. फोटो काढा आणि सोडा. घरी न्यायला दोन-तीन किलोचा एक पुरे. त्याचे कल्ले लगेच कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फ आणि खारं पाणी एकत्र करून त्यात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूनं गार होतो, दुसऱ्या बाजूनं मऊ पडतो. घाट चढायच्या आधी खोक्यातलं पाणी काढून कणकवलीतच ताजा बर्फ भरून घ्या.