उन्हाळी जॅकेटला अस्तर कोणतं लावावं?

लिननचं महागडं कापड घेतलं, तरी आत पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर घामाच्या धारा ठरलेल्याच. आपण काही बोललो नाही, तर टेलर बहुधा तेच लावतो. स्वस्त पडतं, टिकतंही. पण घाम मात्र शोषत नाही. त्याऐवजी व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन मागा. मिळालं तर क्यूप्रो, म्हणजे बाजारात ज्याला बेंबर्ग म्हणतात ते. सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून ते बनतं, ओलावा शोषतं आणि तरी सुळसुळीत राहतं. सुती अस्तर बाह्यांना नकोच, शर्टाला अडकतं.

शंका असेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून बघा. कागदासारखी राख झाली तर ठीक, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर.

खरा फरक अस्तर कमी केल्यानेच पडतो. हाफ लाइनिंग सांगा: बाह्या आणि खांद्यांच्या भागाला अस्तर, खालची पाठ मोकळी. मग आतल्या शिवणी उघड्या राहतात, त्यांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावून घ्यावी लागते. शिलाई वाढेल, घासाघीस करू नका. व्हिस्कोस आटतं, म्हणून बेतण्याआधी त्यावर वाफेची इस्त्री फिरवायला सांगा.