रेसिंग सूटवर बॅज कसा लावावा: धागा कुठला, टाका कुठवर

सूट नवा आहे, शर्यत पुढच्या आठवड्यात आहे आणि स्पॉन्सरला छातीवर लोगो हवा आहे. अशा वेळी सूट उचलून बाजारातल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे न्यायचा, हे पहिलं सुचतं. शाळेच्या गणवेशावर आणि क्रिकेटच्या टी-शर्टवर जे छान जमतं तेच तो इथे करून देणार: पॉलिएस्टरचा चकचकीत धागा, खाली फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) आणि सगळ्या थरांतून आरपार टाके. दिसायला देखणं काम होईल, पण पंधरा-वीस हजार टाक्यांत महागडा अग्निरोधक सूट नेमका छातीवर कमकुवत होऊन परत येईल.

असं का होतं, हे एकदा कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. चांगला सूट दोन किंवा तीन थरांचा असतो आणि कापड बहुतेक वेळा नोमेक्ससारखं अरामिड, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचं असतं. ते वितळत नाही, ठिबकत नाही, फक्त काळवंडतं. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या ८८५६-२०१८ या मानकाच्या चाचणीत सूटच्या कापडाला एका बाजूने ज्योत लावतात आणि दुसऱ्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात. किमान १२ सेकंद लागले पाहिजेत. आता तिन्ही थर दाट टाक्यांनी एकमेकांना घट्ट शिवून टाकले, तर तेवढ्या जागेतली हवा गेली. वर धागा पॉलिएस्टरचा असेल, तर तो २५०-२६० अंशांच्या आसपास वितळतो आणि गरम चिकट थेंब होऊन आतल्या थराला चिकटतो. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ धडकेनंतर सुमारे २७ सेकंदांनी आगीतून स्वतः बाहेर आला. हातांना भाजलं, पण जीव वाचला. तेवढ्या वेळात एकेका सेकंदाची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एफआयएच्या नियमांत (परिशिष्ट 'एल') दोन गोष्टी स्पष्ट आहेत. सूटवर थेट केलेली भरतकामाची शिलाई फक्त सर्वांत बाहेरच्या थरावर असावी. आणि बॅजच्या मागचं कापड व तो लावायचा धागा, दोन्ही अग्निरोधक असावेत. आपल्याकडे एफएमएससीआय या भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या छत्राखाली होणाऱ्या शर्यतींना जाताना त्या त्या स्पर्धेचे पूरक नियमही वाचा. नाव, झेंडा, रक्तगट कुठे हवा, हे बहुधा तिथेच सापडतं.

आधी कॉलर बघा

कॉलरच्या मागच्या बाजूला बाहेरून एफआयएच्या मानकाचं लेबल असतं. ८८५६-२००० की ८८५६-२०१८, ते टिपून घ्या. २०१८ च्या लेबलवर सूट कधीपर्यंत वैध आहे तेही असतं. वर्षभरात बाद होणाऱ्या सूटवर बॅजचा खर्च करण्यात अर्थ नाही. हे लेबल कोणत्याही बॅजखाली झाकू नका आणि उसवून दुसरीकडे लावू नका.

कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचा, सूट ही वेगळी जात आहे. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक असल्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचा पहिला सूट तोच असतो. तो रस्त्यावर घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. त्यावर साधा बॅज चालून जातो, पण कारमध्ये बसायची वेळ आली की तो सूट बॅजसकट घरी ठेवायचा.

शक्य असेल तर कंपनीकडूनच करून घ्या

माझं मत विचाराल तर, सूट मागवतानाच लोगो पाठवून द्यावेत. कंपनी बाहेरच्या कापडावर भरतकाम आधी करते आणि अस्तर नंतर जोडते, त्यामुळे टाके आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. महिनाभर जास्त लागेल, पण एवढं नीट काम नंतर कुणालाच जमत नाही. कंपनीने स्वतः चाचणी करून घेतलेली छपाईही मिळते. फॉर्म्युला वनच्या सूटवर वजन वाचवण्यासाठी लोगो छापलेलेच असतात. ते पाहून बाजारातला हीट-ट्रान्सफरचा स्टिकर इस्त्रीने चिकटवायचा मोह होतो. तो टाळा. त्या फिल्ममध्ये आणि गोंदात प्लास्टिक असतं.

बॅज बनवून घेताना

सूट तयारच असेल, तर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे सूट नेऊ नका, कापड न्या. अरामिडचा तुकडा आणि अरामिडचा भरतकामाचा धागा स्वतः विकत घ्या. धाग्यासोबत आयएसओ १५०२५ या ज्योतीच्या चाचणीचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. रंग मोजकेच मिळतात, चकाकी नसते, स्पॉन्सर थोडी कुरकुर करेल. करू द्या. एम्ब्रॉयडरीवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा: बॉबिनमध्येही हाच धागा, मागे फ्यूजिंग नाही, जरीचा धागा नाही. बॉबिनचं विशेष सांगतो, कारण वरचा धागा बदलून खालची पॉलिएस्टरची बॉबिन तशीच राहणं ही हमखास होणारी चूक आहे आणि बॅज उलटा केल्याशिवाय ती दिसत नाही.

शंका असेल तर बॅजच्या मागचे दोन-चार सुटे धागे चिमट्यात धरून अंगणात, स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून काडी लावून बघा. टोकाला कडक मणी तयार झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागदासारखा भुरभुरत जळून राख झाली तर सुती किंवा रेयॉन. अरामिड काळवंडून आकसतो आणि काडी बाजूला नेली की विझतो. ही चाचणी खोटा माल ओळखण्यापुरतीच. खऱ्या मालाची खात्री त्या कागदावरूनच होते.

जागा ठरवणं

सूट घालून गाडीत बसा, हार्नेस (सीटचे सुरक्षा पट्टे) पूर्ण आवळा आणि कुणाला तरी शिंप्याच्या खडूने पट्ट्यांच्या कडा आखायला सांगा. पट्ट्यांखाली बॅज नको. तो घासून उसवतो आणि त्याची कड हाडाला टोचते. पाठीवर आणि काखेत ताणलं जाणारं विणीचं कापड असतं, ते मोकळं सोडा. खांद्यावरच्या पट्ट्या अपघातात तुम्हाला ओढून बाहेर काढण्यासाठी असतात, त्यांवरून किंवा त्यांच्या शिवणीवरून एक टाकाही जाऊ देऊ नका. उरतं काय? छातीचा मधला भाग, दंड, सूटचाच पोटावरचा कापडी पट्टा. तेवढं पुरतं.

शिवण

मशीन नको, हातानेच. आधी बाहेरचं कापड चिमटीत धरून वर उचला. ते आतल्या थरापासून सुटून वर येत असेल तरच पुढे जा. काही सूटमध्ये थर गोधडीसारखे एकत्र टिपलेले असतात. तिथे घरचा उपाय नाही, कंपनीकडे पाठवा. आत हात जावा म्हणून अस्तराची शिवण उसवायची युक्ती कुणी सुचवेल. ती कंपनीची शिवण आहे, तिला हात लावू नका.

सूटच्या आत एक जाड पुठ्ठा सरकवा. बॅज सुती दोऱ्याने कच्चे टाके घालून जागेवर बसवा, तेही वरच्या कापडातच. गोंद, स्प्रे, दुहेरी टेप काही नको. मग वाकडी सुई घ्या, त्यात अरामिडचा एकेरी धागा, हातभर लांब. गाठ बॅजच्या खाली लपवा आणि सुरुवातीला दोन उलटे टाके घ्या. प्रत्येक टाक्याला बाहेरचं कापड किंचित उचलायचं, सुई त्यातून आडवी नेऊन बॅजच्या काठातून वर काढायची. टाके तीनेक मिलिमीटरचे, फार न ओढता. सुईचं टोक पुठ्ठ्याला 'टक' करून लागलं, म्हणजे आरपार गेली. तो टाका काढून पुन्हा घ्या. तळहाताएवढा एक बॅज लावायला संध्याकाळ जाते.

झाल्यावर कच्चे टाके काढा, सूट उलटा करा आणि आतून बोटं फिरवा. धागा दिसता किंवा लागता कामा नये. मधला थर मात्र आतून दिसत नाही, म्हणून बॅज काठावर धरून उचलून बघा. फक्त वरचं कापड त्याच्याबरोबर यायला हवं. कुठे खालचं जड ओढल्यासारखं वाटलं, तर तेवढे टाके उसवा.

तपासणीच्या टेबलावर

स्क्रूटिनिअर (शर्यतीआधी गाडी आणि सामान तपासणारे अधिकारी) सूट उलटा करून बघतील, तेव्हा धाग्याचा कागद आणि उरलेल्या कापडाचा तुकडा सोबत असू द्या. वाद तिथेच मिटतो. त्यांनी बॅज काढायला सांगितला तर हुज्जत न घालता काढा. धारदार ब्लेड नको, टाके उसवायचं छोटं हत्यार घ्या आणि बॅजच्या बाजूने एकेक टाका कापत जा, म्हणजे सूटच्या कापडाला धार लागणार नाही. जुन्या मालकाने चिकटवलेला बॅज निघाल्यावर गोंदाचा डाग उरला, तर तो थिनरने पुसायच्या फंदात पडू नका. लेबलवरच्या सूचनेप्रमाणे सूट धुवा, ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर न वापरता. तरीही डाग राहिला, तर त्या सूटवर शर्यतीत उतरण्याआधी कंपनीला फोटो पाठवून विचारा.