नव्या ॲडमिनसाठी: तक्रार पर्सनलवर ऐकू नका

तुम्हाला कुणीतरी पक्ष्यांच्या ग्रुपचं ॲडमिन केलंय, आणि बहुतेक न विचारताच. आधीच्या ॲडमिनची बदली झाली असेल, नाहीतर त्यांना वीट आला असेल. जिल्ह्याजिल्ह्यांत पक्षीनिरीक्षकांचे असे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि बहुतेकांची वंशावळ अशीच. लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात) म्हणजे काय, रेकॉर्ड शॉट (फक्त नोंदीपुरता काढलेला फोटो) कशाला म्हणतात, प्लेबॅकवरून (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्यावरून) भांडणं का होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. पक्षी ओळखण्यात कच्चे असाल तरी बिघडत नाही. मी अजूनही वटवट्यांमध्ये, त्या एकसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांमध्ये, गडबडते. त्याने ॲडमिनचं काम अडत नाही. अडतं दुसरीकडे, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो. कोकणातल्या आणि घाटातल्या रानांत घरटी करतो, आणि त्याच सुमारास ग्रुपही तापतात. अशाच एका हंगामात एका ज्येष्ठ सदस्यांचा मला पर्सनलवर मेसेज आला. भाषा अगदी मवाळ. "मॅडम, ग्रुपवर उगाच वाद नको म्हणून तुम्हालाच सांगतोय." सोबत स्क्रीनशॉट. कॉलेजमधल्या एका मुलाने नवरंगाच्या घरट्याची जागा सांगितली होती आणि रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागली होती. मुलाचा मेसेज स्पष्ट होता: "हो, तेच झाड." मी त्याला पर्सनलवरच झापलं आणि ग्रुपमधून काढलं.

त्या स्क्रीनशॉटच्या वरचा भाग कापलेला होता. लोकेशनचा पिन तिथे दुसऱ्याच माणसाने टाकला होता आणि तो तक्रारदारांच्याच रोजच्या मंडळातला होता. खालचाही भाग कापलेला होता. मुलाचा पुढचा मेसेज होता, "पण जवळ जाऊ नका, अंड्यांवर बसलाय." हे मला कळेपर्यंत मुलगा गेला होता आणि त्याच्यासोबत त्याच्या कॉलेजचे चारपाच जणही.

आता तुम्ही म्हणाल, मग पूर्ण चॅट मागायचं, झालं. नाही हो, तेवढ्यावर भागत नाही. कापलेला स्क्रीनशॉट हा या भानगडीचा सर्वांत छोटा भाग आहे. पर्सनलवरची तक्रार खोटी निघते तेव्हा त्रास होतोच. ती शंभर टक्के खरी असली तरी होतो. कसा, ते सांगते.

तुम्हाला पर्सनलवर मेसेज कोण करू शकतं? ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे, जो तुमच्यासोबत भिगवणला रोहित बघायला आला होता, ज्याला तुम्हाला "काय म्हणता मॅडम" असं सहज लिहिता येतं. गडहिंग्लजहून नुकताच ग्रुपमध्ये आलेला मुलगा तुम्हाला मेसेज करणार नाही. त्याला वाटतं, ॲडमिन म्हणजे कुणीतरी मोठी व्यक्ती. म्हणजे जुन्या माणसांच्या तक्रारी तुमच्यापर्यंत येतात आणि नव्यांच्या येतच नाहीत. तुम्ही स्वभावाने कितीही सरळ असा, महिन्याभरात तुमचे सगळे निकाल एकाच बाजूला झुकलेले दिसतील, कारण दुसरी बाजू दारापर्यंत पोहोचलीच नाही.

दुसरं, ज्याची तक्रार तुम्ही गुपचूप ऐकली, त्याला आपण तुमच्या आतल्या गोटातले झालो असं वाटायला लागतं. पुढच्या वेळी तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत तर तो तुम्हाला फितूर समजतो. तिसरं, ग्रुपला दिसतं ते फक्त एक नाव गळालेलं. गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं याची यादी कुणालाही उघडून बघता येते, कारण मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मग प्रत्येक जण आपापली कथा रचतो आणि त्या कथेत खलनायक बहुधा तुम्ही असता. आणि रात्री साडेअकरा वाजता पर्सनलवर रागाने लिहिलेलं तुमचं वाक्य? त्याचाही स्क्रीनशॉट निघतो. निघणारच.

म्हणून आता माझं एक ठरलेलं उत्तर आहे, फोनमध्ये सेव्हच करून ठेवलंय: "तुमचं म्हणणं मी ॲडमिनच्या ग्रुपवर ठेवते, तुमच्या नावासकट. चालेल ना?" निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच विरघळतात. उरलेल्यांत समोरच्याला आरोप न करता प्रश्न विचारायचा. "तुम्ही लोकेशन फोडलंत" असं म्हणायचं नाही, "हे झाड तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, आणि तुम्हाला कुणी?" असं विचारायचं. उत्तराला एक दिवस द्यायचा. नोकरी करणाऱ्या माणसाला मीटिंगमधून उठून तुमच्या कोर्टात हजर राहता येत नाही. मग जे काही ठरेल ते ग्रुपवर दोन ओळींत: कोणता नियम, काय केलं, किती दिवसांसाठी. नाव घेऊन धिंडवडे काढायचे नाहीत, पण नियमाचं नाव घ्यायचंच.

याला एकच अपवाद आहे आणि तो पक्का. ग्रुपवरून एखाद्या बाईचा नंबर उचलून कुणी तिला रात्रीबेरात्री मेसेज करत असेल, तर ती तक्रार पर्सनलवरच येणार आणि तिथेच राहायला हवी. तिचं नाव ॲडमिनच्या ग्रुपवरही फोडायचं नाही. अशा माणसाला आधी काढायचं, चर्चा नंतर. धमकी असेल तर तिने पोलिसांत जावं, आणि तिची इच्छा असेल तर तुम्ही सोबत जावं. "अहो, ते तसे नाहीत, फार मोठे बर्डर आहेत" हे वाक्य मी फार ऐकलंय. मोठे असतील.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर घरट्यांच्या फोटोंबद्दल. "घरट्याचे फोटो टाकू नयेत" हा नियम जवळपास प्रत्येक ग्रुपवर आहे आणि जवळपास प्रत्येक ग्रुपवर तो फक्त मोबाइलवाल्यांना लागतो. उन्हाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याच्या रानात स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचा फोटो कुणा नवख्याने टाकला की पाच जण तुटून पडतात. तसाच फोटो ६०० एमएमच्या लेन्सवाल्या सरांनी टाकला की खाली "अप्रतिम सर" आणि हात जोडलेले इमोजी. नियम पहिल्यांदा लावायचा तो सरांना. सोपं नाही. हात थरथरतात, खरं सांगते. पण एकदा सरांचा फोटो उडवला आणि खाली एक ओळ लिहिली, की पुढचा हंगाम बराच शांत जातो.

या नियमामागे कारण काय, तेही तुमच्याकडे तयार असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं येतं. बंदुकीची गरज नाही. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डवर काही संवेदनशील जातींच्या नोंदी सगळ्यांना उघड दिसत नाहीत, सगळ्याच जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात. म्हणजे लोकेशन लपवणं ही तुमची मनमानी नव्हे, जगभर रुळलेली पद्धत आहे. हे एकदा समजावून सांगा. दर वेळी कलम दाखवून धमकावू नका. तुम्ही वनरक्षक नाही.

ओळख चुकली म्हणून हसणाऱ्यांना मात्र मी अजिबात सूट देत नाही. कुणीतरी पावशाचा फोटो "शिक्रा" म्हणून टाकतं आणि हसण्याचे इमोजी पडतात. अहो, पावशा दिसतोच शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यासारखा. लहान पक्षीसुद्धा फसतात, तिथे अकरावीतला मुलगा फसला तर काय नवल. आकाशातली प्रत्येक घार सुरुवातीला सगळ्यांना गरुडच वाटते. शेपटीची खाच बघायची असते हे कुणीतरी सांगितल्यावरच कळतं. माझ्या ग्रुपवर नियम आहे, की ओळख दुरुस्त करायची तर खूण सांगायची. नुसतं "चूक" लिहिलेलं मी काढते. माझे सहकारी ॲडमिन म्हणतात, हे अती आहे. असू दे.

मेसेज काढण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण नवे लोक इथे दचकतात. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण जागेवर "अमुक ॲडमिनने काढला" असं तुमच्या नावानिशी उरतं. लपून काही करता येत नाही, आणि बरंच आहे. काढलात की लगेच खाली कारण लिहा. नियमांचा मेसेज पिन करून ठेवला म्हणजे झालं असंही समजू नका, तो पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. नियम ग्रुपच्या माहितीतच लिहा.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा तिखट आहेत. वाद पेटला की "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" हे कुलूप लावायचं, ही सध्याची फॅशन. एका रात्रीपुरतं ठीक. आठवडाभर लावलंत तर लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे पहिला विषय तुम्ही असता. दुसरा शॉर्टकट, दुसऱ्या ग्रुपचे नियम उचलून चिकटवणं. मी पाहिलेल्या एका यादीत प्रवाळांना हात न लावण्याबद्दल कलम होतं; ग्रुप विदर्भातला होता.

आणि गुरू. प्रत्येक नव्या ॲडमिनला एक गुरू भेटतो, जो सांगतो, "वाद घालायचा नाही, सरळ रिमूव्ह करायचं. मी दहा वर्षं असंच चालवतोय." त्याचा ग्रुप जाऊन बघा. तिथे तो, त्याचे मित्र आणि सुप्रभात. मला विचाराल तर सल्ला अशा माणसाचा घ्यावा, ज्याला कधीतरी एखाद्या ग्रुपमधून काढलेलं आहे. त्याला माहीत असतं, की नुसतं कारण लिहिलं असतं तरी किती फरक पडला असता.

सहकारी ॲडमिन नेमा, पण आधी एक बोली करून घ्या. आईने नाही म्हटलं की पोरं बाबांकडे जातात, तसे सदस्य एका ॲडमिनकडून दुसऱ्याकडे जातात. मी बाई असल्यामुळे माझ्या प्रत्येक निर्णयावर अपील एका पुरुष ॲडमिनकडे जायचं. तेही भले गृहस्थ, "बघतो हं" म्हणायचे. आता आमचं ठरलंय: एकाने दिलेला निर्णय दुसरा एकट्याने फिरवत नाही, आणि निर्णय देणारा त्याच्यावरच्या अपिलात मत देत नाही.

रात्री झोप उडवणारा प्रश्न हाही असतो: कुणी भलतंच काही टाकलं तर पोलीस मला धरतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय, की समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा झोपा निवांत. मात्र तसला मेसेज दिसला आणि तो काढायचं बटण आता तुमच्या हातात आहे, तर काढा. हसून सोडू नका.

कठीण प्रसंग पक्ष्यांवरून येतच नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा आमच्याकडे दोन तट पडले. विष्ठा, फुप्फुसाचे आजार, कबुतरं वाढली की बाकीच्या पक्ष्यांच्या जागांचं काय होतं, हे सगळं चालेल असं मी लिहिलं. समाज, धर्म, पक्ष यांवर एक शब्द आला तर मेसेज जाईल, कुणाचाही असो. दोन्ही बाजूंचे मेसेज गेले आणि दोन्ही बाजूंनी मला पक्षपाती ठरवलं. एका मित्राने सांत्वन केलं, "दोघंही चिडलेत म्हणजे तू बरोबर आहेस." हे मला पटत नाही. दोघांवरही सारखाच अन्याय करता येतो. मी मागे जाऊन काढलेले मेसेज पुन्हा आठवून लिहिले, ॲडमिनच्या ग्रुपवर ठेवले आणि विचारलं, यातला कुठला राहायला हवा होता? एक निघाला, परळमध्ये राहणाऱ्या एका काकूंचा. त्यांना फोन करून तो पुन्हा टाकायला सांगितला. काढलेल्या मेसेजची अशी नोंद ठेवा. फार वेळ जात नाही.

वेळ खरा जातो तो नोव्हेंबरात. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा. त्यामधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळा-कॉलेजांतले कार्यक्रम, स्लाइड शो, सकाळच्या फेऱ्या, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी कुणीतरी ग्रुपची लिंक वाटतं. त्याआधी नव्या सदस्यांना मंजुरी देण्याची सोय चालू करून ठेवा आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: घरासमोर कोणते पक्षी दिसतात? "कावळा आणि साळुंकी" असं उत्तर आलं तर लगेच घ्या. "घुबडाचं लोकेशन मिळेल का" असं आलं, तर नियम पाठवा, वाचल्याचं कळवायला सांगा आणि मगच घ्या.