तेल्यापासून इफेक्टरपर्यंत

सांगोल्याकडे 'तेल्या' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. मृग बहार धरलेला असतो, पावसाची झड लागते आणि डाळिंबाच्या पानांवर तेल सांडल्यासारखे ठिपके उमटतात. मग फळावर डाग पडून ते तडकतं. आमच्या बागेत हे झालं, म्हणून मी वनस्पती रोगशास्त्राकडे वळलो.

पहिलं वर्ष इफेक्टर प्रथिनांची, म्हणजे रोगजंतू झाडाच्या पेशीत सोडतो त्या प्रथिनांची, नावं पाठ करण्यात गेलं. तुम्ही तसं करू नका. एकच प्रथिन घ्या आणि ते झाडात नक्की काय करतं, ते शेवटपर्यंत समजून घ्या. माझ्यासाठी ते टोमॅटोवरच्या स्युडोमोनास जिवाणूचं एव्हीआर-पीटीओ-बी ठरलं. झाडाच्या पेशीवर एफएलएस-2 नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे जंतूची चाहूल घेणारं प्रथिन, असतो. जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा 22 अमिनो आम्लांचा तुकडा तो ओळखतो, आणि प्रतिकार सुरू होतो : पर्णरंध्रं मिटतात, पेशीभिंत जाड होते. जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून इफेक्टर थेट पेशीत सोडतो. एव्हीआर-पीटीओ-बी त्या ग्राहकावर युबिक्विटिन, म्हणजे 'हे मोडा' अशी खूण, चिकटवतं, आणि निकामी प्रथिनं मोडणारी पेशीचीच व्यवस्था त्याला मोडून टाकते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेल्या ज्याच्यामुळे होतो त्या झँथोमोनास जिवाणूकडेही अशी प्रथिनं आहेत. झॉप-एल आणि झॉप-एन डाळिंबाचा प्रतिकार दाबतात. पण सगळेच इफेक्टर प्रतिकार दाबायला नसतात, इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात. भातावरच्या जिवाणूजन्य करप्याचा झँथोमोनास टाल नावाची इफेक्टर प्रथिनं पेशीकेंद्रकात पाठवून साखर बाहेर सोडणारं 'स्वीट' जनुक चालू करतो. तिथे मुख्य गोष्ट जेवणाची आहे.

उलटंही घडतं. झाडाने आतला इफेक्टर ओळखला, तर बाधित पेशी स्वतःच मरते आणि जिवाणूची वाट अडते. हे बघायला मी तंबाखूच्या पानात बिनसुईच्या सिरिंजने जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग वाळला आणि मी आनंदाने वही भरली. पण शेजारी नुसत्या पाण्याचा ठिपका नव्हता, सुई-यंत्रणा बिघडवलेला एचआरपी उत्परिवर्ती जिवाणूही नव्हता. सिरिंज जोरात दाबली तरी पान मरतं. तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. तुलनेसाठीची ही दोन नियंत्रणं (कंट्रोल) पहिल्याच दिवशी लावा.

केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरकरांच्या दारात आहे. तिथे जाण्याआधी एक गोष्ट घरीच करा, शाळा-कॉलेजचा सूक्ष्मदर्शक पुरतो. ताज्या डागाची कड कापा, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवा आणि थांबा. कापलेल्या कडेतून धुरासारखी गढूळ धार निघताना दिसेल. ते सगळे जिवाणू आहेत.